'वाय' की 'एन'? : डेबियनची एक पुस्तिका वाचताना

शनिवारी सकाळची शाळा सुटल्यावर संगणकाच्या खोलीत करायची म्हणून ठेवलेली जी कामे असतात, त्यांतले एक काम बहुतेक सगळेच पुढच्या शनिवारवर ढकलतात. ते म्हणजे संगणकांवरील सॉफ्टवेअर अद्ययावत करणे. ढकलण्याचे कारणही सगळ्यांचे एकच असते. आज सगळे नीट चालले आहे, मग चालत्या गाडीला खीळ कशाला घाला? ही भीती अडाणीपणाची नाही. ती अनुभवातून आलेली असते, आणि तसा एक अनुभव आमच्याही गाठीशी आहे.

एका शाळेत डेबियन ही लिनक्स कार्यप्रणाली असलेला सर्व्हर होता. खोलीतल्या बाकीच्या संगणकांना जाळ्यावरचे पत्ते वाटून देण्याचे काम तो करी. तो अद्ययावत करायला आम्ही बसलो. एकेक पॅकेज उतरत होते, पडद्यावर ओळी भराभर वर सरकत होत्या, आणि मध्येच सगळे थांबून एक प्रश्न समोर आला. अमुक सेटिंगच्या फाइलमध्ये तुम्ही बदल केलेला आहे. पॅकेज बनवणाऱ्यानेही नवी फाइल पाठवली आहे. नवी बसवू का? 'वाय' म्हणजे होय, 'एन' म्हणजे नाही. नवी ती चांगली, असे मनात धरून आम्ही 'वाय' दाबले. पुढचे काम निर्विघ्न पार पडले. सोमवारी मुले येऊन बसली तेव्हा एकाही संगणकाला पत्ता मिळेना. कोणत्या संगणकाला कोणता पत्ता द्यायचा याची सगळी आखणी त्या जुन्या फाइलमध्ये होती, आणि ती आम्ही आमच्याच हाताने बाजूला सारली होती. अर्धा दिवस त्यात गेला. त्याची हकिगत पुढे येईल.

या लेखात परीक्षण करायचे आहे ते एका पुस्तिकेचे. डेबियनची नवी आवृत्ती निघाली की तिच्याबरोबर 'रिलीज नोट्स' नावाची एक पुस्तिका निघते. ९ ऑगस्ट २०२५ रोजी डेबियनची तेरावी आवृत्ती 'ट्रिक्सी' प्रसिद्ध झाली. 'टॉय स्टोरी' चित्रपटातल्या पात्रांची नावे आपल्या आवृत्त्यांना द्यायची, ही या मंडळींची जुनी हौस. ट्रिक्सीच्या पुस्तिकेत आधीच्या आवृत्तीवरून नव्या आवृत्तीवर सुरक्षितपणे कसे जावे याचे एक मोठे प्रकरण आहे. उबुंटू, रास्पबेरी पाय ओएस, तसेच सी-डॅकने तयार केलेली 'बॉस' या प्रणाली डेबियनवरच बेतलेल्या असल्यामुळे, त्या प्रकरणातले बरेच काही या प्रणाली वापरणाऱ्यांनाही लागू पडते.

अशा पुस्तिकेचे परीक्षण सहसा कोणी करत नाही. पण ज्या लिखाणावर विसंबून लोक कामे करतात, ते किती भरवशाचे आहे हे तपासायला हवे. पाककृतीच्या पुस्तकावर लिहायचे तर पदार्थ करून पाहावा लागतो, तसे या पुस्तिकेवर लिहायचे तर आधी यंत्राच्या पोटात काय घडते ते पाहावे लागेल.

यंत्राच्या पोटात

लिनक्समध्ये प्रत्येक प्रोग्रॅम सगळा सरंजाम घेऊन येत नाही. अक्षरे पडद्यावर उमटवणे, जाळ्यावरून गुप्त संदेश पाठवणे, फाइल आवळून लहान करणे ही कामे अनेक प्रोग्रॅमना लागतात. म्हणून ती वेगळ्या 'लायब्ररी'त ठेवलेली असतात आणि सगळे प्रोग्रॅम ती वाटून वापरतात. याचा फायदा उघड आहे. दोष दुरुस्त करायचा तर एकाच ठिकाणी करावा लागतो. तोटाही उघड आहे. ती एक लायब्ररी बदलली की तिच्यावर विसंबलेल्या शंभर प्रोग्रॅमना त्याची झळ लागू शकते. ट्रिक्सीमध्ये एकूण सुमारे ६९,८०० पॅकेजे आहेत. त्यांतली कोणती कोणावर विसंबून आहेत आणि कोणती एकमेकांशेजारी नांदू शकत नाहीत, याची नोंद प्रत्येक पॅकेजच्या कपाळावरच लिहिलेली असते.

काम दोन साधनांत वाटले आहे. 'डीपीकेजी' हे खालचे साधन. इयन मर्डॉक यांनी १९९३ मध्ये डेबियन प्रकल्प सुरू केला आणि पुढच्या एक-दोन वर्षांत, मुख्यतः इयन जॅक्सन यांच्या हातून, हे साधन घडले. एक पॅकेज उघडून त्यातल्या फाइली जागच्या जागी ठेवणे हे त्याचे काम. 'ॲप्ट' हे वरचे साधन १९९९ मध्ये डेबियन २.१ बरोबर आले. कोणती पॅकेजे लागतील, कोणत्या क्रमाने बसवावी लागतील, कोणती काढावी लागतील याचा हिशोब ते करते. डीपीकेजीला गवंडी म्हणावे आणि ॲप्टला मुकादम.

चालू असलेला प्रोग्रॅम, तो चालू असतानाच बदलता कसा येतो? वर्गात चर्चेला घ्यावा असा हा प्रश्न आहे. उत्तर युनिक्सच्या फाइल-रचनेत आहे. तिथे फाइलचे नाव आणि प्रत्यक्ष फाइल या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. ग्रंथालयातील सूचीकार्डासारखे हे आहे. कार्डावर पुस्तकाचे नाव आणि ते कोणत्या फळीवर आहे हे लिहिलेले असते. डीपीकेजी नवी फाइल आधी 'डीपीकेजी-न्यू' असे शेपूट लावून शेजारी उतरवते, ती चकतीवर पक्की लिहिली गेल्याची खात्री करून घेते, आणि मग एकाच क्रियेत नाव बदलून तिला जुन्या फाइलच्या जागी बसवते. म्हणजे कार्डावरचा पत्ता एका फटक्यात बदलतो. अर्धा जुना अर्धा नवा, असा क्षण येतच नाही. पण जो विद्यार्थी जुने पुस्तक आधीच घेऊन वाचनकक्षात बसला आहे, त्याच्या हातात जुनेच पुस्तक राहते. तो ते परत करीपर्यंत ते पुस्तक ग्रंथालयात शिल्लक असते, फक्त सूचीत सापडत नाही.

मध्येच वीज गेली तर? आपल्याकडे हा प्रश्न आधी सुचतो. डीपीकेजीने त्याचा विचार केलेला आहे. पॅकेज उघडून फाइली ठेवणे आणि मग ते चालू स्थितीत आणणे, असे कामाचे दोन टप्पे केलेले आहेत. प्रत्येक पॅकेज या घडीला कोणत्या टप्प्यात आहे, याची नोंद डीपीकेजी एका वहीत ठेवते, आणि ती वहीही नवी लिहून मगच जुनीच्या जागी ठेवते. वीज आल्यावर 'डीपीकेजी डॅश-डॅश कॉन्फिगर डॅश ए' असा हुकूम दिला की अर्धवट राहिलेल्या पॅकेजांचे काम ते पुढे चालू करते. यात काहीच बिघडणार नाही असे नव्हे. पॅकेजसोबत येणाऱ्या लहानशा लिपी, म्हणजे बसवण्याआधी आणि बसवल्यानंतर चालवायचे हुकूम, पॅकेज बनवणाऱ्याने लिहिलेले असतात. ते दुसऱ्यांदा चालवले तरी चालावेत असा डेबियनचा नियम आहे. मात्र नियम पाळणारा माणूसच असतो.

बांधकाम असे पक्के आहे. आमची तक्रार आहे ती बांधकाम आणि माणूस जिथे भेटतात तिथली, आणि तिथेच या पुस्तिकेची कसोटी लागते.

पुस्तिकेचे गुण

सुरुवातीलाच सांगावे, की आम्ही वाचलेल्या अशा लिखाणांत ही पुस्तिका पहिल्या रांगेत बसणारी आहे. तिचे सगळ्यांत मोठे श्रेय हे, की ती खरे काम सुरू होण्याआधीच्या तयारीला भरपूर जागा देते. पहिला सल्ला बॅकअपचा. तोही 'बॅकअप घ्या' एवढ्यावर सोडलेला नाही. 'ईटीसी' ही सेटिंगची डिरेक्टरी, पॅकेजांची नोंदवही जिथे असते ती डिरेक्टरी, आणि बसवलेल्या पॅकेजांची यादी, असे नेमके काय जपायचे ते सांगितलेले आहे. वापरणाऱ्यांना आधी कळवा, हेही तीत आहे. तांत्रिक लिखाणात माणसांची अशी आठवण क्वचितच ठेवली जाते.

अद्ययावत करण्याची प्रक्रिया लोकांच्या घरच्या डिरेक्टरीतल्या फाइलींना हात लावत नाही, हे ती सांगते. पण तेवढ्यावर थांबून खोटा दिलासा देत नाही. नवा प्रोग्रॅम पहिल्यांदा उघडताना तो स्वतःच तुमच्या जुन्या आवडीनिवडी पुसून टाकू शकतो, तेव्हा त्या लपलेल्या फाइलीही जपा, असे ती लगेच पुढे बजावते. संपूर्ण कामाची पडद्यावरची नोंद 'स्क्रिप्ट' या हुकुमाने फाइलमध्ये उतरवून ठेवा आणि ती फाइल तात्पुरत्या डिरेक्टरीत ठेवू नका, कारण संगणक पुन्हा सुरू केल्यावर ती तिथे सापडणार नाही, हा सल्ला तर प्रयोगवहीचा नियम आहे. प्रयोग करताना निरीक्षणे तिथल्या तिथे लिहा, असे आपण मुलांना सांगतो. इथे तेच.

एका आवृत्तीवरून उडी मारून तिसऱ्या आवृत्तीवर जाता येत नाही. अकराव्या आवृत्तीवर असाल तर आधी बाराव्यावर या, मग तेराव्यावर. दुसऱ्या ठिकाणांहून आणून बसवलेली पॅकेजे शक्यतो आधी काढून टाका. चकतीवर जागा पुरेल का ते पाहा. आणि प्रत्यक्ष काम दोन पायऱ्यांत करा. पहिल्या पायरीत, कोणतेही पॅकेज न काढता आणि नवे न घालता जेवढी अद्ययावत होतील तेवढी करा. दुसऱ्या पायरीत 'फुल-अपग्रेड'. असे का, तेही दिलेले आहे. एकदम दुसरी पायरी गाठली तर हवी असलेली पॅकेजेही मोठ्या संख्येने काढली जाण्याचा संभव असतो. हुकुमामागे कारण दिले की वाचणारा पुढच्या वेळी स्वतः विचार करू शकतो, आणि हे ज्या ठिकाणी साधले आहे तिथे ही पुस्तिका पाठ्यपुस्तकाच्या योग्यतेची झाली आहे.

जिथे ती कमी पडते

आता आमच्या त्या प्रश्नाकडे येऊ. डीपीकेजी तो प्रश्न केव्हा विचारते? सेटिंगची फाइल तीन रूपांत असू शकते. जुन्या पॅकेजसोबत आली ती, नव्या पॅकेजसोबत आली ती, आणि प्रत्यक्ष चकतीवर आज आहे ती. मंडळाने छापून पाठवलेले गेल्या वर्षीचे वेळापत्रक, यंदाचे छापील वेळापत्रक, आणि आपल्या सूचनाफलकावर पेन्सिलीने खाडाखोड केलेले वेळापत्रक, असे समजा. फलकावरचे जर गेल्या वर्षीच्या छापील प्रतीशी तंतोतंत जुळत असेल, तर शाळेने काही बदललेले नाही. यंदाचे गुपचूप लावून टाकायला हरकत नाही. मंडळाने यंदा काहीच बदलले नसेल तर शाळेची खाडाखोड तशीच राहू द्यावी. दोघांनीही बदल केले असतील तरच प्रश्न विचारावा. डीपीकेजी नेमके असेच करते, आणि हा विचार अत्यंत सुज्ञ आहे. ज्यांना वाटते की संगणक उगाच प्रश्न विचारून भंडावतो, त्यांनी लक्षात घ्यावे की शेकडो फाइलींपैकी ज्यांचा निर्णय यंत्राला करता येण्यासारखा नाही तेवढ्याच आपल्यासमोर येतात.

पण इथे एक खोच आहे. जुन्या पॅकेजसोबत आलेली मूळ फाइल डीपीकेजी जपून ठेवत नाही. तिचा फक्त एक ठसा, एमडी५ या गणिती रीतीने काढलेली अक्षरांची एक माळ, नोंदवहीत असते. बदल झाला की नाही एवढे कळायला ठसा पुरतो. काय बदलले ते त्यावरून कळत नाही. म्हणून आपण 'डी' दाबून फरक दाखव म्हटले, की आपली फाइल आणि नवी फाइल यांतला फरक दिसतो. त्या फरकातल्या कोणत्या ओळी आपल्या हातच्या आणि कोणत्या पॅकेज बनवणाऱ्याने यंदा बदललेल्या, हे त्यातून उमगत नाही. दोन वर्षांपूर्वी दुसऱ्याच शिक्षकाने ती फाइल लिहिली असेल तर मग विचारूच नका. निर्णयाला लागणारी नेमकी तीच माहिती यंत्राने टाकून दिलेली असते आणि निर्णय मात्र माणसाकडे मागितलेला असतो. आमच्या मते डीपीकेजीच्या रचनेतला हा खरा दोष आहे. 'यूसीएफ' नावाचे एक वेगळे साधन काही पॅकेजे वापरतात. त्यात मूळ प्रत जपून तिन्हींचा मेळ घालण्याची सोय आहे. म्हणजे हा दोष अटळ नव्हता.

पुस्तिका याविषयी काय सांगते? सांगते, पण 'वाटेत येऊ शकणाऱ्या अडचणी' या भागात, बऱ्याच आत. पॅकेजची नवी फाइल घेणे अनेकदा आवश्यक असते. जुनी 'डीपीकेजी-ओल्ड' असे शेपूट लावून ठेवलेली असते, त्यामुळे मागे येता येते. काय करावे सुचत नसेल तर फाइलचे नाव लिहून ठेवा आणि नंतर निस्तरा, असा त्या सल्ल्याचा आशय आहे. आमचा अर्धा दिवस वाचवायला यातले मधले वाक्य पुरेसे होते. आम्ही शोधत होतो ती आखणी सबंध वेळ त्याच डिरेक्टरीत, एवढे एक शेपूट लावून, पडून होती. पुस्तिका न वाचता बसलो हा आमचा दोष आम्ही कबूल करतो.

तरीही तो सल्ला पुरा नाही. नंतर निस्तरा हे ठीक, पण आत्ता कोणती कळ दाबू? पडदा तर उत्तर दिल्याशिवाय पुढे सरकत नाही. खरे म्हणजे उत्तर प्रश्नातच आहे. काही न लिहिता नुसते 'एंटर' दाबले तर आपली फाइल तशीच राहते आणि नवी फाइल 'डीपीकेजी-डिस्ट' असे शेपूट लावून शेजारी ठेवली जाते. ज्या सेटिंगवर वर्ग चालतो ती आपण स्वतः लिहिलेली असेल, तर शंका असताना हाच मार्ग कमी धोक्याचा. मात्र त्यालाही अपवाद आहे. नव्या प्रोग्रॅमला जुन्या फाइलमधला एखादा शब्दच कळेनासा झाला असेल तर तो सुरू होणार नाही. तेव्हा दोन्ही उत्तरांत धोका आहे. फक्त एका उत्तराचा परिणाम तिथल्या तिथे आरडाओरडा करून कळतो आणि दुसऱ्याचा सोमवारी वर्ग भरल्यावर. पुस्तिकेने हा भेद उलगडून सांगायला हवा होता, आणि तोही आत कुठेतरी दडवून न ठेवता तयारीच्या भागातच.

दुसरी उणीव याहून मोठी आहे. 'बिघाडातून सावरण्याची तयारी' असा एक भाग पुस्तिकेत आहे. तो वाचताना असे ध्यानात येते की त्यातला बिघाड म्हणजे मुख्यतः सुरूच न होणारा संगणक. त्यासाठीचे उपाय सविस्तर आहेत. पण शाळेत जो बिघाड वारंवार होतो तो असा नसतो. संगणक सुरू होतो. छापण्याचे यंत्र छापत नाही, किंवा मराठी टंक वेगळाच दिसतो, किंवा पत्ते मिळत नाहीत. अशा वेळी माणसाला पहिल्यांदा सुचते ते मागे जाणे, जुने पॅकेज पुन्हा बसवणे. आणि डेबियनमध्ये मागे जाण्याची अधिकृत सोय नाही. पॅकेजसोबतचे हुकूम जुन्याकडून नव्याकडे जाण्यासाठी लिहिलेले असतात. साठवलेली माहिती एकदा नव्या रूपात बदलली, की जुन्या प्रोग्रॅमला ती वाचता येईलच असे नाही. उसाचा रस काढल्यावर ऊस परत करता येत नाही, तसे. म्हणून बॅकअप हा या कामातला एकमेव परतीचा रस्ता आहे. पुस्तिका बॅकअप घ्यायला सांगते, पण तो एवढा अनिवार्य का, हे मात्र वाचकाला ठाऊक असावे असे धरून चालते. ज्याला ठाऊक नाही तो घाईत तोच परिच्छेद वगळतो.

'मी सांगतो तसेच कर'

प्रश्न चुकीच्या वेळी आला तर काय होते याचे जगजाहीर उदाहरण २०२१ च्या नोव्हेंबरमधले आहे. लायनस सेबॅस्टियन हे कॅनडातील तंत्रज्ञानविषयक चित्रफिती करणारे गृहस्थ उबुंटूवर बेतलेल्या 'पॉप ओएस'वर 'स्टीम' हे खेळांचे पॅकेज बसवत होते. चित्रमय दुकानाने ते बसवायला नकार दिला, म्हणून त्यांनी टर्मिनलमधून ॲप्टला हुकूम दिला. त्या वेळी पॅकेजांच्या परस्पर-अवलंबनात एक चूक शिरलेली होती, आणि स्टीम बसवायचे तर सारा डेस्कटॉपच काढून टाकावा लागेल असा हिशोब ॲप्टने मांडला. ॲप्टने ते लपवले नाही. काढायच्या पॅकेजांची यादी दाखवली, यामुळे प्रणालीला इजा होईल असा इशारा दिला, आणि खरेच करायचे असेल तर 'येस, डू ॲज आय से!', म्हणजे 'होय, मी सांगतो तसेच कर!', हे पूर्ण वाक्य टंकायला सांगितले. त्यांनी ते टंकले. डेस्कटॉप गेला.

त्यावर खूप वाद झाला. इशारा वाचला नाही, चूक त्यांची, असे म्हणणारे पुष्कळ होते. आम्हाला तसे वाटत नाही. लांबलचक यादीच्या शेवटी येणारा इशारा वाचणारा माणूस तोपर्यंत 'होय' म्हणायच्या तयारीत बसलेला असतो. दहा वेळा निरुपद्रवी 'वाय' दाबायची सवय लावायची आणि अकराव्यांदा तोच माणूस सावध राहील अशी अपेक्षा ठेवायची, हे शिक्षणशास्त्रात बसत नाही. ॲप्टच्या कर्त्यांनाही ते पटले असावे. त्याच महिन्यात त्यांनी ॲप्टमध्ये बदल केला. प्रणालीला अत्यावश्यक अशी पॅकेजे काढण्याचा हिशोब आता ॲप्ट आपण होऊन मांडत नाही, आणि नुसते एक वाक्य टंकून ती काढताही येत नाहीत. टीका ऐकून प्रश्नच काढून टाकण्याचे असे उदाहरण विरळा.

यादी वाचण्याची सवय मात्र लावून घ्यावी लागतेच. ॲप्टला 'डॅश एस' हा पर्याय दिला की ते प्रत्यक्ष काही न करता, काय केले असते तेवढे सांगते. आम्ही आता शुक्रवारी ही रंगीत तालीम करतो, 'काढली जातील' या मथळ्याखालची नावे कागदावर उतरवतो, आणि शनिवारी एकाच संगणकावर खरे काम करतो. बाकीच्या संगणकांची पाळी त्यानंतर, आणि तीही परीक्षेच्या आठवड्यात कधीच नाही.

ढकलत राहिले तर

मग एवढा उपद्व्याप करायचाच कशाला? याचे उत्तर ७ एप्रिल २०१४ रोजी मिळाले. ओपनएसएसएल या लायब्ररीतला 'हार्टब्लीड' हा दोष त्या दिवशी जाहीर झाला. जाळ्यावरून कोणीही सर्व्हरच्या स्मृतीतले तुकडे वाचू शकत होता. त्यांत संकेतशब्द किंवा गुप्त किल्ल्याही सापडण्याची शक्यता होती. डेबियनने त्याच दिवशी दुरुस्त पॅकेज दिले. इथे नवशिक्यांना गोंधळात टाकणारी एक गोष्ट घडते. मूळ कर्त्यांनी दोष काढून १.०.१जी ही आवृत्ती दिली, पण डेबियनच्या स्थिर शाखेतल्या पॅकेजचा आकडा १.०.१ई असाच राहिला. बदलले ते त्याच्या शेपटाकडचे अंक. स्थिर शाखेत नवे गुण न आणता नेमकी दुरुस्तीच जुन्या आवृत्तीत नेऊन बसवतात, म्हणून असे होते. याच कारणाने, एकाच आवृत्तीत राहून सुरक्षेच्या दुरुस्त्या घेणे हे एका आवृत्तीवरून दुसरीवर जाण्यापेक्षा पुष्कळच कमी धोक्याचे असते. पहिले काम दर आठवड्याला करावे. वर सांगितलेला सगळा थाट दुसऱ्यासाठी आहे.

हार्टब्लीडच्या वेळी दुसऱ्याच दिवशी डेबियनला सुधारित सूचना काढावी लागली, आणि तिचे कारण मोठे बोधप्रद आहे. पॅकेज बदलले तरी आधीपासून चालू असलेल्या सेवा जुनीच लायब्ररी हातात धरून बसल्या होत्या. वाचनकक्षातला तो विद्यार्थी! म्हणून कोणत्या सेवा पुन्हा सुरू कराव्या लागतील हे तपासून तसे सुचवणारे पॅकेज पुन्हा पाठवण्यात आले. आज 'नीडरीस्टार्ट' हे साधन बसवले तर ते अशा सेवा शोधून काढते. ते नसेल तर संगणक पुन्हा सुरू करणे हा साधा उपाय आहेच.

उलट, नवे ते चांगले असे धरून चालणेही घातक आहे. २९ मार्च २०२४ रोजी आंद्रेस फ्रॉइंड यांनी 'एक्सझेड' या आवळणीच्या लायब्ररीच्या ५.६.० आणि ५.६.१ या ताज्या आवृत्त्यांत मुद्दाम घुसवलेला चोरदरवाजा उघडकीस आणला. दूरच्या संगणकात शिरताना सुमारे अर्धा सेकंद जास्त लागतो, एवढ्या धाग्यावरून ते तिथवर पोहोचले. डेबियनच्या चाचणीच्या आणि अस्थिर शाखांत त्या आवृत्त्या शिरल्या होत्या. स्थिर शाखेत त्या आलेल्याच नव्हत्या. डेबियन सगळ्यांच्या मागे असते, असे हिणवणाऱ्यांना त्या आठवड्यात मागे असण्याची किंमत कळली.

पुस्तिकेतल्या एका परिच्छेदाविषयी सांगायचे राहिले, आणि आपल्या शाळांच्या दृष्टीने तोच सर्वांत जिव्हाळ्याचा आहे. ट्रिक्सीपासून डेबियनने ३२ बिटांच्या 'आय३८६' या जुन्या संगणक-प्रकाराचा नेहमीचा आधार काढून घेतला. त्यांच्यासाठी आता प्रणालीचा गाभाही नाही आणि ती बसवण्याचे साधनही नाही. अशा प्रणालीवर असलेल्यांनी ट्रिक्सीवर येऊ नये. शक्य असेल तर ६४ बिटांची प्रणाली नव्याने बसवावी, नाहीतर ते यंत्र निवृत्त करावे, असे पुस्तिका सांगते. सल्ला प्रामाणिक आहे. पण निवृत्त करा हा शब्द लिहिणाऱ्याला जितका हलका गेला असेल तितका तो देणगीतून आलेल्या दहा संगणकांवर तीन वर्ग चालवणाऱ्या शाळेला जात नाही.

इथे शिक्षकाने घाई करू नये. प्रणाली ३२ बिटांची असली म्हणून यंत्रही ३२ बिटांचेच असते असे नाही. पूर्वी स्मृती कमी असे, म्हणून ६४ बिटांच्या कित्येक यंत्रांवर ३२ बिटांची प्रणाली बसवली गेली होती. 'डीपीकेजी डॅश-डॅश प्रिंट-आर्किटेक्चर' या हुकुमाने बसवलेली प्रणाली कळते. 'एलएससीपीयू' या हुकुमाने खालचे यंत्र कळते. त्याच्या उत्तरात सुरुवातीलाच, हे यंत्र किती बिटांनी चालू शकते ती ओळ असते. त्या ओळीत ३२ च्या जोडीला ६४ दिसले, तर ते यंत्र भंगारात काढायचे कारण नाही. स्मृती पुरेशी असेल तर बॅकअप घेऊन ६४ बिटांची प्रणाली त्यावर नव्याने बसवता येईल. दहा संगणकांवर हा हुकूम चालवून उत्तरे टिपून घ्यायला आठवी-नववीच्या दोन मुलांना एक तासिका पुरते.